रीजेन ब्रेकिंगनं नेमकं किती वाचतं? इंदूरच्या रस्त्यांवरचा हिशेब

सुदामानगरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. शोरूममध्ये सांगितलं गेलं की गाडी थांबवताना बॅटरी चार्ज होते (यालाच रीजेन ब्रेकिंग म्हणतात) आणि त्यामुळे रेंज तीस टक्के वाढते. यजमान म्हणतात, रीजेनची लेव्हल कायम सगळ्यांत जोराच्या तीनवर ठेव. दीर म्हणतात, सारखं थोडंथोडं चार्ज होत राहिलं तर बॅटरी लवकर बसेल. रोजचं जाणं-येणं सुदामानगर ते विजयनगर, महिन्यातून एकदा माहेरी भोपाळ, आणि आता श्रावणात ओंकारेश्वरला जायचं आहे. शहरात रेंज छान मिळते, भोपाळच्या वाटेवर मात्र बॅटरी भराभर उतरते. "मग ते तीस टक्के जातात कुठे?" असं त्यांनी शेवटी विचारलंय.

ताई, इंदूरमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करत मला सत्तावीस वर्षं झाली. गेली सहा वर्षं बहुतेक काम इलेक्ट्रिक गाड्यांचंच आहे, आणि टॅक्सी चालवणाऱ्या मुलांना या गाड्या कशा चालवायच्या हेही शिकवतो. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. शोरूमवाल्यानं तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही, पण अर्धंच सांगितलंय. उरलेलं अर्धं सांगायला थोडी आकडेमोड करावी लागेल, ती सोपी करून सांगतो.

लहानपणी सायकलला डायनॅमो असायचा, आठवतोय? तो टायरला टेकवला की दिवा लागायचा, पण पॅडल जड व्हायचं. रीजेनमध्ये तेच होतं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकं मोटरला फिरवू लागतात, मोटर वीज तयार करते, आणि ती तयार करताना जो जडपणा येतो त्यानं गाडीचा वेग कमी होतो. पेट्रोलच्या गाडीत हीच शक्ती ब्रेकच्या डिस्क आणि पॅडच्या घर्षणात गरम होऊन हवेत जाते. म्हणजे रीजेन तुम्हाला फक्त तेवढीच वीज देऊ शकतं जी एरवी ब्रेकमध्ये जळली असती. टायरच्या घर्षणात गेलेली, वारा कापण्यात गेलेली, एसीनं खाल्लेली वीज कुठलंही रीजेन परत आणू शकत नाही. तेव्हा रीजेननं किती टक्के वाचतं हे विचारण्याआधी, त्या रस्त्यावर तुम्हाला ब्रेक किती लावावा लागतो हे बघायचं. तुमच्या शहरातल्या आणि भोपाळच्या अनुभवात जो फरक पडतोय तो बराचसा इथूनच येतो.

आता तुमचा रोजचा रस्ता घेऊ. दहा किलोमीटर धरा. गाडी आणि आत बसलेली दोन माणसं मिळून वजन १,६०० किलो. सिग्नल, चौक, मध्येच वळणारी रिक्षा, हे सगळं धरून पंचवीस वेळा चाळिसाच्या वेगावरून थांबावं लागतं असं समजू. गीता भवन ते पलासिया संध्याकाळी सहा वाजता ज्यानं गाडी चालवली आहे त्याला हा आकडा जास्त वाटणार नाही. चाळिसाच्या वेगात एवढ्या वजनाच्या गाडीत साधारण २७ वॉट-तास शक्ती साठलेली असते. पंचवीस थांब्यांचे झाले जवळपास ६८० वॉट-तास. यातला पाचवा हिस्सा वेग कमी होताना टायर आणि वारा खातात, म्हणजे ब्रेकच्या वाट्याला उरले साडेपाचशे. त्यातले चाकापासून बॅटरीपर्यंत पोचतात ऐंशी टक्क्यांच्या आसपास, कारण गिअर, मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी प्रत्येकजण आपला थोडा थोडा वाटा कापून घेतो. हातात आले ४४० वॉट-तास, म्हणजे ०.४४ युनिट.

त्याच दहा किलोमीटरमध्ये बॅटरीतून एकूण निघतं सुमारे १.८५ युनिट. यात अर्ध्या तासाच्या एसीचं अर्धं युनिट आलं, आणि दिवे, पंप, स्क्रीन यांचं मिळून एक दशांश. आता भागाकार करा. १.८५ पैकी ०.४४ परत आलं, म्हणजे २४ टक्क्यांच्या जवळ. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीत इलेक्ट्रिक गाड्यांसाठी रीजेनचा वाटा सुमारे २२ टक्के दिलेला असतो, आपला हिशेब त्याच्या आसपासच बसतो. पण हाच आकडा रेंजच्या बाजूनं पाहिला तर? रीजेन नसतं तर त्या दहा किलोमीटरला १.८५ युनिट लागलं असतं, आता १.४१ लागतं. तेवढ्याच बॅटरीत गाडी ३१ टक्के जास्त चालते. शोरूममधले तीस टक्के ते हेच. वीज चोवीस टक्के परत आली आणि रेंज तीस टक्के वाढली, ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत. सेल्समन साहजिकच मोठं माप सांगतो. माझी तक्रार एवढीच की "हे सिग्नल-सिग्नलच्या रस्त्यावर" हे शब्द तो गाळतो.

रुपयांत बोलायचं तर महिन्याचे पंचवीस दिवस, जाऊन-येऊन पन्नास फेऱ्या, बावीस युनिट. माझ्या घरच्या बिलात सगळे आकार धरून युनिट आठ रुपयांच्या आसपास पडतं. म्हणजे महिन्याला पावणेदोनशे रुपये. रक्कम लहान आहे, पण शहरात चार्जिंगला लावायची वेळ एक-दोन दिवसांनी पुढे जाते, ती सोय मला पैशांपेक्षा मोठी वाटते.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट पाहा. एसीनं अर्धं युनिट घेतलं आणि रीजेननं दिलं ०.४४. मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी घेऊन निघालात तर पहिली दहा मिनिटं एसी नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतो. गाडी कडुनिंबाखाली लावणं, निघण्याआधी दोन मिनिटं चारही काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ देणं, किंवा गाडी घरी चार्जिंगला लागलेली असतानाच एसी सुरू करणं, यातून जे वाचतं ते रीजेनची लेव्हल दोनवरून तीनवर नेऊन मिळणार नाही.

आता भोपाळ. इथून १९० किलोमीटरच्या आसपास. नव्वदच्या एकसारख्या वेगानं गेलात तर किलोमीटरला दीडशे वॉट-तास, म्हणजे एकूण २९ युनिट. त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं वारा कापण्यात जातं. वाटेत टोलनाके, गावं, ट्रॅक्टर, गुरं धरून पंधरा वेळा नव्वदवरून चाळीसवर यावं लागलं, तर रीजेन सगळं मिळून जेमतेम एक युनिट परत देतं. २९ मध्ये एक. तुमचे तीस टक्के इथे तीन-साडेतीन टक्क्यांवर आले. गाडीत बिघाड नाही. ब्रेकच लागत नाही, तर परत काय येणार? आपल्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्या तपासणाऱ्या केंद्राचा ११.३ किलोमीटरचा गोल हायस्पीड ट्रॅक आहे. त्यावर एखादी गाडी एकाच वेगानं दिवसभर फिरवली तर रीजेनकडून एक पैशाचीही मदत होणार नाही.

हायवेवर तुमच्या हातात दुसरी चावी आहे, ती म्हणजे वेग. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. नव्वदऐवजी शंभरनं गेलात तर भोपाळपर्यंत चार युनिट जास्त लागतात आणि वाचतात जेमतेम तेरा मिनिटं. रीजेन देतं एक, शंभरचा काटा नेतो चार. माझ्याकडे येणाऱ्या टॅक्सीच्या मुलांना मी हा एकच हिशेब वहीत लिहून घ्यायला लावतो.

मग लेव्हल कुठली ठेवायची? हे थोडं तुमच्या गाडीवर अवलंबून आहे आणि बरंचसं तुमच्या पायावर.

गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. काहींमध्ये ब्रेकचं पॅडल हलकं दाबलं तरी गाडी आधी रीजेनच वापरते, जोरात दाबल्यावरच डिस्क पकडते. काहींमध्ये पॅडल थेट डिस्कवर जातं, आणि रीजेन फक्त अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर तुम्ही लावलेल्या लेव्हलप्रमाणे मिळतं. तुमची कुठली हे रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरवर पाच मिनिटांत कळेल. मागे कुणी नाही हे पाहा, रीजेन शून्यावर न्या, पन्नासच्या वेगात अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक अगदी हलका दाबा. स्क्रीनवरचा पॉवर मीटर चार्जच्या बाजूला सरकला तर पहिली तऱ्हा. तिथे लेव्हलनं फारसं बिघडत नाही. मीटर जागचा हलला नाही तर दुसरी, आणि मग शहरात दोन किंवा तीन ठेवण्यात खरा फायदा आहे, कारण शून्यावर ठेवून प्रत्येक सिग्नलला पॅडल दाबलंत तर सगळी वीज डिस्कमध्ये जाईल.

हायवेवर मी स्वतः शून्य किंवा एक ठेवतो. वाहत्या गाडीतली शक्ती वाहण्यातच वापरली जाणं सगळ्यांत स्वस्त. ती बॅटरीत घालून पुन्हा बाहेर काढायची म्हटलं तर जाताना वीस टक्के आणि येताना पुन्हा पंधरा-वीस टक्के कटतात. शंभर पैसे ठेवले तर काढताना पासष्ट-सत्तर हातात येतात. म्हणून पुढे टोलनाका दिसला की दोन-तीनशे मीटर आधीच पाय सैल सोडायचा आणि गाडी आपोआप मंद होऊ द्यायची. तीनवर ठेवूनही हे जमतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण न सोडता थोडासा दाबून धरला की मीटर बरोबर शून्यावर उभा राहतो, गाडी ना ओढते ना चार्ज करते. ज्याला पायानं ती जागा सापडली त्याच्यासाठी लेव्हलचा वाद संपतो. तुमचे यजमान तीनवरही चांगला आकडा काढत असतील तर त्यांना ती जागा नकळत सापडलेली असेल.

थांबायचं कसं, यानंही फरक पडतो, आणि हे फार थोडे लोक सांगतात. साठच्या वेगावरून तीन सेकंदांत थांबलात तर सरासरी सत्तर किलोवॉटच्या वर शक्ती एकदम बाहेर पडते. पुष्कळ गाड्यांच्या रीजेनला तेवढी झेपतच नाही, वरची सगळी डिस्ककडे जाते. तेच आठ-नऊ सेकंदांत हळूहळू थांबलात तर पंचवीस-तीस किलोवॉट होतात, आणि ती बहुतेक सगळी बॅटरीत जाते. म्हणजे एकाच सिग्नलवर दोन गाड्या थांबल्या तरी एकीला पूर्ण वाटा मिळतो, दुसरीला निम्माही नाही. अगदी शेवटी, वेग सात-आठवर आला की रीजेन जवळपास संपतं आणि शेवटचं थांबवणं डिस्कच करते. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये दहाच्या वेगानं पुढे सरक, थांब, पुन्हा सरक, असं चाललं असेल तेव्हा रीजेनकडून फार आशा ठेवू नका.

दिरांच्या शंकेबद्दल. काळजी रास्त आहे, पण रीजेनचा झटका पाच-दहा सेकंदांचा असतो. रस्त्यावरचा फास्ट चार्जर तेवढीच किंवा त्याहून जास्त शक्ती पाऊण-एक तास सलग ढकलतो, आणि बॅटरी तेही सहन करण्यासाठी बनवलेली असते. शिवाय बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा स्वतःच रीजेन आवरते: बॅटरी भरलेली असली की, किंवा जानेवारीत पहाटे गार असली की, पॉवर मीटरवर चार्जचा पट्टा लहान झालेला दिसतो. बॅटरीचं आयुष्य खरं खातात ते दोघे: कडक उन्हात शंभर टक्के भरून दिवसचे दिवस उभी ठेवणं आणि रोजच्या रोज फास्ट चार्जिंग. दिरांना माझ्याकडून एवढं सांगा.

ओंकारेश्वरच्या वाटेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी एक प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, आणि भेरूघाट उतरून नर्मदेकडे बडवाहला पोचेपर्यंत आपण साधारण साडेतीनशे मीटर खाली येतो. १,६०० किलोच्या गाडीसाठी या उंचीत दीड युनिट वीज दडलेली आहे. त्यातला थोडा भाग टायर आणि वारा घेतात, तरी घाटाच्या उतारावर बॅटरीचा आकडा एक-दोन टक्क्यांनी वर चढलेला तुम्हाला दिसेल. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता, आजही होतो. परत येताना हेच दीड युनिट चढावर जास्त लागणार, हे मात्र निघण्याआधीच मनाशी धरून ठेवा.

दोन वर्षांपूर्वी याच वाटेवर चोरलजवळ चहाला थांबलो होतो. एक इलेक्ट्रिक टॅक्सी येऊन उभी राहिली आणि जळक्या पॅडचा तो ओळखीचा वास आला. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर रिमच्या बाहेरूनही झळ लागत होती. ड्रायव्हर वीस वर्षं डिझेल गाडी चालवलेला, भला माणूस. तेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करायची त्याची जुनी सवय होती, तीच त्यानं इथेही लावली होती. न्यूट्रलमध्ये मोटर चाकांबरोबर नुसती फिरते, रीजेन पूर्ण बंद पडतं. तिथपर्यंतचा घाट तो डिस्कवर उतरला होता, मागे चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन. मी त्याला गाडी पाऊण तास उभी करायला लावली, चाकांवर पाणी मारू दिलं नाही, कारण तापलेली डिस्क पाण्यानं वाकडी होऊ शकते. नंतर उरलेला उतार 'डी'मध्ये, रीजेन तीनवर ठेवून त्यानं माझ्या गाडीमागे उतरवला. खाली आल्यावर म्हणाला, "साहब, ब्रेक तो छुआ ही नहीं."

तेव्हा ताई, घाटात न्यूट्रल कधीही नाही. ही गोष्ट विजेच्या बचतीपेक्षा मोठी आहे. कोरड्या रस्त्यावर घाट उतरताना लेव्हल तीन ठेवा. श्रावणात पाऊस असेल तर एक किंवा दोन. ओल्या वळणावर पाय एकदम सोडला की जोराचं रीजेन फक्त मोटरच्या चाकांना धरतं, आणि ती घसरू लागली तर गाडी रीजेन एका क्षणात कमी करते. त्या क्षणी गाडी पुढे पळाल्यासारखी वाटते आणि माणूस घाबरतो. लेव्हल कमी ठेवून पाय हळू सोडलात तर हे होत नाही.

बॅटरी पूर्ण भरून निघालात तरी तुम्हाला अडचण नाही, कारण सुदामानगरहून घाटापर्यंत पोचता पोचता दहा टक्के तरी जागा रिकामी होते. सिमरोलला, आयआयटीच्या बाजूला राहणाऱ्यांनी मात्र ओंकारेश्वरला जाण्याआधी नव्वदवरच चार्जिंग थांबवावं. घाट तिथून जवळ आहे, आणि शंभर टक्के भरलेली बॅटरी उतारावर काही घेत नाही. नेहमीचं रीजेन मिळेल असं धरून वळणावर गेलात आणि ते मिळालं नाही, तर धडकी भरते.

राहिले ब्रेक. रीजेनमुळे पॅड फार टिकतात, हा फायदा त्या पावणेदोनशे रुपयांच्या हिशेबात आलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका टॅक्सीचे सत्तर हजार किलोमीटरला मूळचे पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. पण मागचं चाक काढलं तर डिस्कच्या कडेला तांबूस गंजाचं कडं, आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची एक पिन इतकी जाम की हातोडी लागली. पॅड एकाच बाजूनं झिजले होते. ब्रेक वापरलेच जात नव्हते, वर आपला पावसाळा. आठवड्यातून एकदा, रस्ता मोकळा पाहून, लेव्हल शून्यावर न्या आणि पन्नासच्या वेगावरून चार-पाच वेळा पॅडल नीट दाबून गाडी थांबवा. डिस्कवरचा गंज पुसला जातो. सर्व्हिसला दिलीत की पिनांना ग्रीस लावायला तोंडानं सांगा. पॅड जाड दिसले की मेकॅनिक पुष्कळदा चाक उघडतच नाही. ब्रेक ऑइलला मात्र पॅड किती उरलेत याच्याशी घेणंदेणं नाही, ते दर दोन वर्षांनी बदलायचंच.

आणि आज रात्री एक करा. घराजवळच्या गल्लीत कुणाला तरी गाडीच्या मागे लांब उभं करा, लेव्हल तीनवर ठेवून तीसच्या वेगात पाय एकदा हळू आणि एकदा एकदम सोडा, आणि ब्रेकचा लाल दिवा दोन्ही वेळा लागला का ते विचारा. जोराच्या रीजेनला तो लागतो, हलक्याला पुष्कळदा लागत नाही. तुमच्या गाडीत तो कुठल्या वेळी लागत नाही हे कळलं, की पलासियाच्या गर्दीत मागून स्कूटर चिकटून येत असेल तेव्हा पॅडलला पाय नुसता टेकवून दिवा लावायचा. मागच्याला कळायला हवं की तुम्ही थांबताय.